कापाब्लांकाचा राजा, रुबिनस्टाइनचा हत्ती

बुद्धिबळाचा अभ्यास डावाच्या शेवटाकडून सुरू करावा, असे क्यूबाचा जगज्जेता होझे राऊल कापाब्लांका आग्रहाने सांगत असे. एंडगेम, म्हणजे थोडीच मोहरी उरलेला डावाचा शेवटचा टप्पा, स्वतंत्रपणे शिकता येतो, पण डावाची सुरुवात आणि मध्य यांचा अभ्यास मात्र एंडगेमच्या संदर्भातच करावा लागतो, हे त्यामागचे त्याचे कारण होते. फोंड्यात राहून आणि बँकेची नोकरी सांभाळून मी आणि माझी भाची आता बराच काळ याच वाटेने चाललो आहोत. या वाटेवर आम्हाला शिकवायला जिवंत प्रशिक्षक नव्हता. आम्ही शिकलो ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खेळाडूंकडून, त्यांचे डाव पटावर पुन्हा पुन्हा मांडून. हा अभ्यास कसा झाला आणि त्यातून काय हाती लागले, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे असे मला वाटते.

भाची नववीत आहे आणि गोव्यातल्या वयोगटाच्या स्पर्धांमध्ये खेळते. तिच्या बरोबरीची मुले ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, पंधरा-वीस चाली तोंडपाठ करून येतात, त्यामुळे पहिला तासभर डाव झपाट्याने पुढे सरकतो. वजिरांची मारामारी झाली, म्हणजे दोन्ही वजीर एकमेकांच्या बदल्यात खाल्ले गेले, आणि पटावर दोन हत्ती व मूठभर प्यादी उरली की मात्र दोन्ही बाजू चाचपडू लागतात. डाव जिंकण्याची किंवा वाचवण्याची खरी संधी नेमकी तिथे असते, आणि तयारी सर्वांत कमी तिथेच असते. म्हणून मी तिला सुचवले की आपण काही महिने ओपनिंग बाजूला ठेवू आणि एका वेळी एकच जुना खेळाडू घेऊन त्याच्या डावांचे शेवट अभ्यासू.

पद्धत आम्ही हळूहळू बसवली. लाकडी पट सोप्यावर कायमचा मांडलेला असे. डावातील चाली छापलेला कागद एका जाड पुठ्ठ्याने झाकायचा, आपली चाल आणि तिचे कारण वहीत मराठीत एका वाक्यात लिहायचे, आणि मगच पुठ्ठा एक ओळ खाली सरकवून त्या खेळाडूची चाल पाहायची, असा नियम होता. कारण लिहिण्याचा आग्रह माझा होता. चाल बरोबर आली तरी कारण चुकीचे असू शकते, आणि तसे असले तर पुढच्या वेळी तीच चाल सुचत नाही. त्यानंतर तीच स्थिती आम्ही दोघे एकमेकांविरुद्ध खेळत असू, मग बाजू बदलून पुन्हा खेळत असू. संगणक उघडायचा तो सर्वांत शेवटी.

सुरुवात हत्तींच्या एंडगेमपासून केली, कारण प्रत्यक्ष डावांत तेच सर्वांत जास्त वेळा येतात. येथे दोन स्थिती आल्याच पाहिजेत. पहिली लुसेना या स्पॅनिश ग्रंथकाराच्या नावाने ओळखली जाते. (पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच अशी अक्षरे आणि आडव्या ओळींना पांढऱ्याकडून एक ते आठ असे आकडे असतात.) पांढऱ्याचा राजा जी ८ वर, त्याचे प्यादे जी ७ वर, हत्ती एफ १ वर. काळ्याचा राजा ई ७ वर आणि हत्ती एच २ वर. प्यादे वजीर होण्यापासून एकच घर दूर आहे, पण राजाच त्याची वाट अडवून बसला आहे. तो बाहेर आला की काळा हत्ती शहांचा भडिमार करतो. उपाय असा की आधी हत्ती एफ ४ वर आणावा, नंतर ई ४ वर शह देऊन काळ्या राजाला दूर लोटावे, मग आपला राजा एफ ७ वरून जी ६, एफ ६, जी ५ असा शह चुकवत खाली आणावा आणि शेवटी हत्ती जी ४ वर आडवा घालावा. चौथ्या ओळीवरचा हत्ती म्हणजे राजासाठी आधीच बांधून ठेवलेला पूल. हे सगळे हात आपोआप करीपर्यंत आम्ही ते घटवले. लुसेनाचा ग्रंथ १४९७ साली स्पेनमधील सालामांका येथे छापला गेला, पण ही प्रसिद्ध स्थिती त्यात नाहीच. ती १६३४ साली साल्व्हियोच्या ग्रंथात सापडते. नाव मात्र लुसेनाला चिकटले. लुसेनाच्याच काळातला दुसरा ग्रंथकार दामियानो हा पोर्तुगीज होता आणि त्याचे पुस्तक १५१२ साली रोममध्ये निघाले, म्हणजे पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. गोव्यात बसून हे वाचताना इतिहासाचे ते वर्ष वेगळ्याच बाजूने जवळ आल्यासारखे वाटले.

दुसरी स्थिती फिलिडोरची, आणि ती बचावाची आहे. अठराव्या शतकातला हा फ्रेंच माणूस संगीतकार म्हणूनही नावाजलेला होता. एक प्यादे कमी असलेल्या बाजूने आपला राजा त्या प्याद्याच्या समोर ठेवावा आणि हत्ती आपल्याकडून तिसऱ्या आडव्या ओळीवर उभा करावा, म्हणजे शत्रूचा राजा पुढे येऊ शकत नाही. प्यादे त्या ओळीवर सरकले की लगेच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यावा आणि मागून शह देत राहावे. येथे समजून घ्यायचे ते कारण: प्यादे मागे असते तोवर राजा पुढे येऊन त्याच्या आडोशाला उभा राहू शकला असता, ते प्यादेच पुढे सरकल्यावर तो आडोसा नाहीसा होतो, आणि मग मागून येणाऱ्या शहांपासून राजाला लपायला जागा उरत नाही. भाचीने वहीत लिहिले होते, ‘प्यादे हलेपर्यंत थांबायचे, हलले की पळायचे.’ एवढ्या वाक्यावर तिने पुढे एका स्पर्धेत हातचा जाणारा अर्धा गुण राखला.

यानंतर आम्ही रेटीकडे वळलो, आणि तिथे मुक्काम अपेक्षेपेक्षा बराच लांबला. रिचर्ड रेटी हा मोठा खेळाडू होता. १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले, तेव्हा कापाब्लांका आठ वर्षांत पहिल्यांदा डाव हरला होता. पण रेटीचे नाव घरोघरी पोचले ते त्याने १९२१ साली रचलेल्या चार मोहऱ्यांच्या एका रचनेमुळे. पांढऱ्याचा राजा एच ८ या कोपऱ्यात, प्यादे सी ६ वर. काळ्याचा राजा ए ६ वर, प्यादे एच ५ वर. चाल पांढऱ्याची, आणि त्याने बरोबरी साधायची. पाहताक्षणी हे अशक्य वाटते. काळे प्यादे पळत सुटले की पांढरा राजा त्याला गाठू शकत नाही, दोन घरे कमी पडतात. आणि स्वतःचे प्यादे काळ्या राजाच्या तावडीत आहे, तिथेही पोचायला वेळ नाही.

उत्तर कर्णरेषेत आहे. राजा जी ७, एफ ६, ई ५ असा तिरका चालत जातो. सरळ रेषेत धावला तर तो एकाच उद्दिष्टाकडे जातो, तिरका चालला तर प्रत्येक पावलागणिक दोन्ही उद्दिष्टे जवळ येतात, आणि पटाच्या भूमितीत तिरके अंतर सरळ अंतराएवढ्याच चालींचे असते. राजा ई ५ वर आला की काळ्यासमोर पेच उभा राहतो. त्याने सी ६ वरचे प्यादे खाल्ले तर पांढरा राजा एफ ४ वर जाऊन एचच्या प्याद्याला गाठतो. त्याने आपले प्यादे पुढे ढकलले तर पांढरा राजा डी ६ वर येऊन स्वतःच्या प्याद्याला हात देतो आणि दोघांचेही वजीर होतात. उत्तर पाहिल्यावर भाची बराच वेळ पटाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मामा, हा राजा कुणाकडे चाललाय ते तो सांगतच नाही.” मला यापेक्षा चांगला खुलासा सुचला नाही. त्या दिवसापासून आमच्या वहीत ‘दोन कामे करणारी चाल’ असा एक स्वतंत्र विभाग सुरू झाला, आणि पुढे मधल्या डावातल्या कितीतरी चाली त्या विभागात जाऊन बसल्या.

रेटीने राजाची चाल शिकवली, पण राजाचे धैर्य कापाब्लांकाने शिकवले. न्यूयॉर्कच्या त्याच १९२४ च्या स्पर्धेतला टार्टाकोव्हरविरुद्धचा त्याचा डाव बहुतेक प्रशिक्षक मुलांना दाखवतात, पण तो नुसता पाहून भागत नाही, झाकून खेळावा लागतो. पटावर दोन्ही बाजूंचे एकेक हत्ती व प्यादी उरली आहेत. कापाब्लांकाचा हत्ती एच ७ वर, म्हणजे सातव्या ओळीत घट्ट बसून काळ्या राजाला मागच्या ओळीत डांबतो आहे, आणि त्याचे जी ओळीतील मुक्त प्यादे, म्हणजे ज्याची वाट अडवायला शत्रूचे प्यादे उरलेले नाही असे, पुढे आले आहे. काळा हत्ती मात्र सीच्या ओळीतून त्याच्या प्याद्यांवर तुटून पडण्याच्या बेतात आहे. येथे पुठ्ठा सरकवण्यापूर्वी आम्ही दोघांनीही सी ३ वरचे प्यादे राखण्याच्या चाली लिहिल्या होत्या. कापाब्लांकाने राजा जी ३ वर नेला. काळ्याने सीचे प्यादे शह देऊन खाल्ले, राजा एच ४ वर गेला. मग एफचेही प्यादे शह देऊन खाल्ले, राजा जी ५ वर. आणि तिथून एफ ६ वर. दोन प्यादी गेली, तीही शहासकट.

आता राजा एफ ६ वर उभा आहे, आणि त्याच्या पाठीमागचे एफ ५ वरचे काळे प्यादे त्याने खाल्लेले नाही. ते प्यादे शत्रूचे असले तरी मागून येणाऱ्या शहांपासून तेच त्याचे रक्षण करते. राजा, हत्ती आणि जी ६ वरचे प्यादे या तिघांनी मिळून काळ्या राजाला मात करण्याच्या धमक्या द्यायला सुरुवात केली, काळा हत्ती बचावासाठी परत फिरला, आणि गेलेली प्यादी एकेक करून व्याजासकट वसूल झाली. “दोन प्यादी गेली तरी तो घाबरला कसा नाही?” हा भाचीचा प्रश्न. मी तिला मोहरी मोजायला लावली. पण एकूण मोहरी नव्हेत, लढाईत प्रत्यक्ष उतरलेली मोहरी. पांढऱ्याकडून तीन, काळ्याकडून एक कोंडलेला राजा आणि दूर भटकणारा हत्ती. त्या मोजणीत कापाब्लांका कधीच मागे नव्हता. मधल्या डावात ज्या राजाला आपण किल्लेकोट करून लपवतो, तोच वजीर गेल्यावर सर्वांत लढाऊ मोहरा होतो, हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असते; या डावाने ते हाताला पटवून दिले.

रुबिनस्टाइन याच्या अगदी उलट प्रकृतीचा. अकिबा रुबिनस्टाइन हा पोलंडमधील खेळाडू. १९१२ या एकाच वर्षात त्याने पाच मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि १९१४ साली तेव्हाचा जगज्जेता लास्कर याच्याशी जगज्जेतेपदाचा सामना ठरण्याच्या बेतात असताना महायुद्ध सुरू झाले. त्याच्या हत्तींच्या एंडगेममध्ये चमकदार असे काही दिसतच नाही. १९०९ च्या सेंट पीटर्सबर्ग स्पर्धेतला श्पिलमानविरुद्धचा डाव घ्या. श्पिलमानची ए आणि डी ओळींतील प्यादी एकाकी आहेत. रुबिनस्टाइनचा हत्ती त्यांच्यावर असा रोखलेला राहतो की श्पिलमानचा हत्ती राखणीला जखडून जातो, आणि मग रुबिनस्टाइन घाई न करता आपला राजा मध्याकडे चालवत नेतो. आमच्या वह्यांत या डावाच्या वेळी सर्वांत कमी चाली जुळल्या, कारण आम्हाला प्रत्येक वळणावर काहीतरी खाण्याची, काहीतरी ‘घडवण्याची’ ओढ वाटत होती. पावसाळ्यातल्या रात्री, वीज गेल्यावर इमर्जन्सी दिव्याच्या उजेडात, हा एकच डाव आम्ही पुन्हा पुन्हा खेळलो. प्रतिस्पर्ध्याजवळ हालचाल नसेल तेव्हा आपण आधी आपली सगळी मोहरी उत्तम जागी आणावीत आणि मगच वार करावा, ही शिस्त त्यातून अंगी लागली. मला स्वतःला या सर्वांमध्ये रुबिनस्टाइन सर्वांत प्रिय आहे.

मुक्त प्याद्यामागे हत्ती ठेवावा हा जर्मन खेळाडू टाराशचा नियम आम्ही १९२७ च्या ब्वेनोस आयरेसमधील जगज्जेतेपदाच्या सामन्यातून शिकलो. अलेखिनने कापाब्लांकाला सहा विजय विरुद्ध तीन, पंचवीस डाव बरोबरीत, असे नमवले. शेवटचा, चौतिसावा डाव ब्याऐंशी चाली चालला. अलेखिनचे ए ओळीतील जादा प्यादे, त्याच्या मागे त्याचा हत्ती, पुढे वाट अडवून कापाब्लांकाचा हत्ती. प्यादे एकेक घर पुढे सरकते तसा मागच्या हत्तीचा पैस वाढतो आणि पुढच्याचा आक्रसतो. मग अलेखिनचा राजा पटाच्या दुसऱ्या बाजूला जातो आणि तिथे दुसरी आघाडी उघडतो. एंडगेमचा सर्वश्रेष्ठ जाणकार एंडगेममध्येच आपले पद गमावून बसला, आणि त्याच्याकडून काही ढोबळ चूक झाली म्हणून नव्हे. एकाच वेळी दोन्हीकडे राखण करणे एका हत्तीला आणि एका राजाला शक्य नव्हते.

आता व्यूहरचनेचा मुद्दा, ज्यासाठी खरे तर हा सगळा खटाटोप होता. एंडगेम शिकल्याने मधला डाव कसा सुधारतो, हे आम्हाला इमानुएल लास्करने सर्वांत स्पष्टपणे दाखवले. रुय लोपेझ ओपनिंगमध्ये चौथ्याच चालीला उंट देऊन सी ६ वरचा घोडा खाण्याचा एक प्रकार आहे. १९१४ साली सेंट पीटर्सबर्गला, अंतिम टप्प्यात विजय अत्यावश्यक असताना, लास्करने कापाब्लांकाविरुद्ध हा शांत समजला जाणारा प्रकार निवडला, वजिरांची मारामारी लगेच करून टाकली, डाव जिंकला आणि स्पर्धाही अर्ध्या गुणाने जिंकली. आम्ही त्या सातव्या चालीच्या स्थितीतून सर्व हत्ती, घोडे, उंट उचलून ठेवले; पटावर फक्त राजे आणि प्यादी. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी काळ्याच्या तिघांविरुद्ध. वजिराच्या बाजूला काळ्याची चार, पण त्यांतील दोन सीच्या एकाच ओळीत एकामागे एक. पांढऱ्याला आपल्या चारांतून मुक्त प्यादे काढता येते, काळ्याला नीट खेळणाऱ्यापुढे ते जमत नाही. ही केवळ प्याद्यांची लढाई आम्ही बाजू बदलून खेळत राहिलो, आणि पांढरा जिंकत राहिला. त्यानंतर भाचीला कुणी सांगावे लागले नाही की पांढऱ्याने या ओपनिंगमध्ये मारामारी स्वागताने करावी, आणि काळ्याने आपले दोन्ही उंट जपावेत, कारण त्याची भरपाई त्यांच्यातच आहे. पटावर बावीस-चोवीस मोहरी असताना तिला खालची प्याद्यांची लढत दिसू लागली होती.

पुढे जगज्जेता झालेल्या पेट्रोस्यानचा एक डावही याच वहीत आहे: १९५३, झ्युरिक, रेशेव्स्कीविरुद्ध. दबलेल्या स्थितीत त्याने आपला हत्ती शांतपणे ई ६ वर आणून ठेवला, जिथे उंट त्याला खाऊ शकत होता. हेतू एवढाच की ई ७ हे घर मोकळे व्हावे आणि घोडा तिथून डी ५ वर जाऊन पांढऱ्याच्या प्याद्यांना कायमचा अडसर घालावा. डाव बरोबरीत सुटला.

आपल्याकडचा खेळाडू म्हणून मीर सुलतान खान याचे डाव मी आवर्जून घेतले. पंजाबातला हा माणूस देशी नियमांवर वाढला होता. त्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते, आणि आमच्या आजोबांच्या पिढीत गोव्याच्या खेड्यांतही तसेच खेळत. १९२९ साली इंग्लंडला गेल्यावर त्याने त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले, पुढे १९३२ आणि १९३३ सालीही मिळवले, आणि हेस्टिंग्जला १९३०-३१ च्या स्पर्धेत कापाब्लांकाला हरवले. ओपनिंगचे पुस्तकी ज्ञान त्याच्याकडे बेताचेच होते; एंडगेमची समज मात्र जगातल्या मोजक्यांच्या तोडीची. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ साली, मृत्यूनंतर अनेक दशकांनी. तो त्याला हयातीत मिळायला हवा होता.

आणि त्याच २०२४ च्या १२ डिसेंबरला सिंगापूरमध्ये गुकेश जगज्जेता झाला, तोही एंडगेममध्येच. सामना बरोबरीत, शेवटचा चौदावा डाव, दोन्हीकडे एकेक हत्ती आणि उंट. गुकेशची दोन प्यादी, डिंग लिरेनचे एक. डिंगने हत्ती एफ २ वर आणून हत्तींची मारामारी देऊ केली. गुकेशने हत्ती खाल्ला आणि उंट डी ५ वर ठेवला. डिंगचा उंट ए ८ च्या कोपऱ्यात, त्याच कर्णरेषेवर. मारामारी टाळायला त्याला जागाच नव्हती. उरली ती केवळ राजा-प्याद्यांची लढत, आणि ती काळ्याने, म्हणजे गुकेशने, जिंकलेली होती. भाचीने हा डाव मोबाईलवर पाहिला तेव्हा हत्ती एफ २ वर येताच ती खुर्चीतून उठलीच. उंटांची मारामारी झाल्यावर काय उरते, हा प्रश्न ती आधीपासूनच स्वतःला विचारत होती.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विश्वचषक स्पर्धा गोव्यातच, हडफडे येथे झाली. बाद पद्धत, दोनशे सहा खेळाडू, आनंदच्या नावाचा चषक, आणि शेवटी उझबेकिस्तानचा सिंदारोव्ह विजेता. त्या दिवसांत आमचा जुना अभ्यास आणि चालू डाव शेजारी-शेजारी आले. टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या झटपट डावांत, घड्याळात सेकंद उरलेले असताना विचार करायला वेळ नसतो. तेव्हा लुसेना आणि फिलिडोर हातात असावे लागतात.

संगणकाविषयी माझे मत ठाम आहे. सात मोहऱ्यांपर्यंतची प्रत्येक स्थिती आज पूर्ण सोडवून ठेवलेली आहे आणि कुणालाही क्षणात उत्तर मिळते. पण ते उत्तर निकाल आणि चाली एवढ्यापुरतेच असते; राजाने तिरके का चालावे, हे त्यात लिहिलेले नसते. म्हणून आम्ही आपली कारणे आधी लिहितो आणि संगणकाकडून फक्त तपासून घेतो. जिथे आमचे कारण आणि त्याची चाल जुळत नाही, तिथे त्या संध्याकाळचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू होतो.

सध्या पटावर १९२४ च्याच न्यूयॉर्कमधला आणखी एक डाव आहे: एडवर्ड लास्कर विरुद्ध इमानुएल लास्कर. एडवर्डकडे हत्ती आणि प्यादे, इमानुएलकडे एकटा घोडा. नियमाने हे हरायलाच हवे, पण म्हाताऱ्या लास्करने डाव एकशे तीन चालींवर बरोबरीत सोडवला. भाची हत्ती घेऊन खेळते, मी घोडा. तिचा राजा प्याद्याला सोडून पुढे निघाला की घोडा प्याद्यावर येतो, आणि हत्ती राखणीला बसला की राजाला वाट मिळत नाही. हे दर वेळी जमतेच असे नाही. घोडा एक घर जरी चुकीच्या बाजूला असला तरी ती मला कोंडते. नेमकी कोणती घरे धरून ठेवायची, याची यादी वहीत अर्धी झाली आहे, आणि उरलेली चवथीच्या सुट्टीत ती डिचोलीहून आली की पुरी करायची आहे.